पाणवठ्याचा पंप मार्चमध्ये मागू नका: व्याघ्र प्रकल्पाचा निधी मागायची आणि तपासायची रीत

फेब्रुवारी लागला की बफरमधल्या, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांतून अर्ज निघायला लागतात. पाणवठा आटला, सोलर पंप जळाला, जाळरेषा (आग पसरू नये म्हणून कापून-जाळून मोकळी ठेवलेली पट्टी) कापायची राहिली, कुंपणाच्या तारा तुटल्या. अर्ज उपसंचालकांच्या कार्यालयात जातो आणि महिनाभराने उत्तर येतं: निधी उपलब्ध नाही. गावात लगेच बोललं जातं की एवढ्या जिप्सी रोज आत जातात, एवढा पैसा येतो, मग आमच्याच वेळी निधी कसा नसतो?

बऱ्याचदा ते उत्तर खरं असतं. त्या वर्षाचा पैसा आदल्या हिवाळ्यातच कामांवर वाटून झालेला असतो, आणि आपण पंक्ती उठल्यावर पान मांडतो. दुसरा घोळ याहून मोठा आहे. उद्यानाचा पैसा एका तिजोरीतून येत नाही, पाच-सहा थैल्यांतून येतो आणि प्रत्येक थैलीचं तोंड वेगळ्या टेबलावर उघडतं. कॅम्पातून (वळवलेल्या वनजमिनीच्या भरपाई निधीतून) होणारं काम व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे मागितलं तर अर्ज फिरत राहतो, नाकारलाही जात नाही.

हा लेख ग्राम परिस्थितीकीय विकास समितीचे पदाधिकारी, सरपंच, निसर्ग संस्थांचे कार्यकर्ते आणि तालुक्याचे वार्ताहर यांच्यासाठी आहे. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत.

## तयारी: अर्जाआधीचे कागद

अर्ज लिहायला बसण्याआधी एक फाईल करा. त्यात पुढचे कागद हवेत:

- मागच्या दोन वर्षांचा मंजूर वार्षिक कार्य आराखडा. कार्यालयात याला सगळे 'एपीओ' म्हणतात.
- व्याघ्र संवर्धन आराखड्यातली तुमच्या रेंजची (वनपरिक्षेत्राची) पानं. वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या कलम ३८-व्ही नुसार हा आराखडा करावाच लागतो आणि दरवर्षीचा एपीओ त्याच्याच आधारे बनतो.
- गावाचा सूक्ष्म आराखडा (गावातल्या कामांचा आराखडा), समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, ग्रामसभेचा ठराव.
- समितीचं पासबुक आणि मागच्या निधीचा हिशेब.
- कक्ष (जंगलाचा क्रमांक दिलेला तुकडा) क्रमांक दाखवणारा बीटचा, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीचा, नकाशा.

एपीओ तोंडी मागून मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये फी लागते, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही नाही. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो, हे बरेच जण विसरतात. 'प्रकल्पाला मिळालेल्या सर्व निधीची संपूर्ण माहिती द्या' असं लिहिलंत तर 'माहिती विस्तृत स्वरूपाची आहे' असं उत्तर येणार. त्याऐवजी नेमकं मागा: अमुक आर्थिक वर्षाच्या मंजूर एपीओची प्रत, मंजुरीपत्राची प्रत आणि तुमच्या रेंजचा बाबनिहाय खर्च.

सावधान: माहिती द्यायची मुदत ३० दिवसांची आहे. ऑक्टोबरात कागद हातात हवा असेल तर अर्ज ऑगस्टच्या शेवटाला गेला पाहिजे.

## टप्पा १: तुमचं उद्यान कोणत्या छत्राखाली आहे ते ठरवा

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत. ताडोबा, गुगामल, पेंच, नवेगाव आणि चांदोली ही पाच व्याघ्र प्रकल्पांत मोडतात. ताडोबा-अंधारी आणि पेंच ही नावं ओळखीची आहेतच. गुगामल मेळघाटात येतं, नवेगाव हे नवेगाव-नागझिऱ्यात आणि चांदोली सह्याद्रीत. सहावं, मुंबईचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, कुठल्याच व्याघ्र प्रकल्पात नाही.

निधीची वाट इथेच फुटते. व्याघ्र प्रकल्पाला केंद्राचा पैसा राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या वाटेने येतो. संजय गांधी उद्यानासारख्या ठिकाणी केंद्राकडून मिळतं ते वन्यजीव अधिवासांच्या एकात्मिक विकास योजनेच्या संरक्षित क्षेत्रांच्या भागातून, आणि बाकीचा भार राज्याच्या तरतुदीवर.

तपासा: तुमचं गाव गाभ्यात आहे, बफरमध्ये आहे की दोन्हीच्या बाहेर? ताडोबा-अंधारीचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि बफर सुमारे ११०१. सफारीचं गेट गावापासून दोन किलोमीटरवर आहे, तेव्हा आपण बफरमध्येच असणार, हा अंदाज चुकू शकतो. अधिसूचनेत गावाचं नाव पाहा.

## टप्पा २: काम कोणत्या थैलीतलं ते ओळखा

सगळ्यात जास्त अर्ज इथे फसतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

केंद्र-राज्याची व्याघ्र योजना (एपीओ). गस्त, संरक्षण कुट्या, हंगामी मजूर, पाणवठे, जाळरेषा, गवताळ कुरणं अशी कामं यात बसतात. महाराष्ट्रासारख्या राज्यात अनावर्ती (एकदाच होणाऱ्या) खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०, आवर्ती (दरवर्षीच्या) खर्चात निम्मा-निम्मा. समजा एपीओत ६० लाखांच्या कुट्या (अनावर्ती) आणि ४० लाखांची गस्त-मजुरी (आवर्ती) मंजूर झाली. केंद्र ३६ अधिक २० म्हणजे ५६ लाख देणार, राज्याला २४ अधिक २० म्हणजे ४४ लाख घालावे लागणार. म्हणून 'केंद्राने मंजूर केलं' एवढ्या बातमीवर फटाके फोडू नका. राज्याच्या वाट्याची तरतूद झाली का, हा पुढचा प्रश्न लगेच विचारा.

राज्याचा स्वतःचा पैसा. अर्थसंकल्पात प्रधान शीर्ष (खर्चाचं मुख्य खातं) २४०६, वनीकरण व वन्यजीवन. बांधकामासारखा भांडवली खर्च ४४०६ खाली जातो. कायम वनरक्षक-वनपालांचे पगार राज्याच्या आस्थापनेवर पडतात, ते एपीओत शोधू नका.

व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान. कायद्याच्या कलम ३८-एक्स खाली प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला असं प्रतिष्ठान असतं. प्रवेश शुल्काचा पैसा इथे येतो. नियामक मंडळाचे अध्यक्ष वनमंत्री आणि कार्यकारी समितीचे अध्यक्ष क्षेत्र संचालक असतात. हा पैसा वर्ष संपलं म्हणून सरकारी तिजोरीत परत जात नाही, म्हणून अडीअडचणीला तोच उपयोगी पडतो. मात्र पर्यटक गेटवर जे पैसे देतो ते सगळे प्रतिष्ठानाचे नसतात. जिप्सीचं भाडं गाडीवाल्याचं, गाईडचं मानधन गाईडचं. गावसभेत कुणी 'एका गाडीचे एवढे, गुणिले रोजच्या गाड्या' असं गणित मांडलं तर आधी हे दोन आकडे वजा करायला लावा.

कॅम्पा. खाणी, रस्ते, धरणं यांसाठी वनजमीन वळवली की प्रकल्प यंत्रणेला भरपाईची रक्कम भरावी लागते, ती या निधीत जमा होते. २०१६ च्या कायद्यानुसार ९० टक्के वाटा राज्याच्या निधीत राहतो. वन आणि वन्यजीव व्यवस्थापन, आगनियंत्रण, संरक्षित क्षेत्रातल्या गावांचं स्वेच्छा पुनर्वसन यांना तो चालतो. कॅम्पाचा एपीओ वेगळा, मंजुरीची साखळीही वेगळी. दोन्हीला 'एपीओ'च म्हणत असल्यामुळे कार्यालयात विचारताना नेहमी 'कुठला एपीओ?' असा उलट प्रश्न येतो. उत्तर तयार ठेवा.

जन-वन योजना. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना २०१५ मध्ये बफरमधल्या गावांसाठी सुरू झाली, पुढे राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांलगतच्या गावांनाही लागू झाली. गॅस जोडणी, कुंपण, रोजगाराची साधनं अशी गावाच्या उपयोगाची कामं इथून होतात. सूक्ष्म आराखड्यात नसलेलं काम इथे मागू नका.

जिल्हा वार्षिक योजना. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती ही योजना मंजूर करते. पोचरस्ता, पर्यटन सुविधा यांसाठी हा रस्ता जवळचा.

सावधान: वाघाने जनावर मारलं, रानडुकरांनी पीक खाल्लं, माणूस दगावला, तर ती नुकसानभरपाई उद्यानाच्या विकास निधीतून मागायची नसते. तिची वेगळी तरतूद, वेगळा अर्ज आणि वेगळी मुदत असते. दोन्ही एकाच अर्जात घातले तर भरपाईची मुदत हुकते, आणि ती चूक सगळ्यात महागात पडते.

## टप्पा ३: दिवाळीच्या आसपास शिवारफेरी करा

पाऊस संपलेला असतो, वाटा मोकळ्या झालेल्या असतात, आणि रेंज ऑफिसात पुढच्या वर्षाच्या कामांची जुळवाजुळव सुरू व्हायची असते. समितीचे चार जण आणि बीटचा वनरक्षक मिळून एक फेरी मारा. वनरक्षकाशिवाय केलेल्या फेरीचे आकडे पुढे कुणी मानत नाही.

प्रत्येक कामाजवळ थांबून चार गोष्टी लिहा: कक्ष क्रमांक, मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश, मोजमाप आणि फोटो. फोटोत एखादी ओळखीची खूण यावी, नुसता खड्डा कुठलाही असू शकतो.

मोजमापातली एक चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की ती इथे सोडवूनच दाखवतो. गावकरी लिहितात 'जाळरेषा ६ किलोमीटर'. दर हेक्टरी असेल तर किलोमीटरवरून काहीच कळत नाही. रुंदी मोजा. समजा ती १२ मीटर आहे. ६००० गुणिले १२ म्हणजे ७२,००० चौरस मीटर, म्हणजेच ७.२ हेक्टर. आता हेक्टरी दराने गुणा. हेच रुंदी न लिहिता पाठवलं तर कार्यालयातला माणूस सगळ्यात अरुंद रेषा धरून अंदाजपत्रक करतो आणि मजुरी अर्ध्यातच संपते.

तपासा: दर कोणत्या वर्षाचे आणि कोणत्या दरसूचीतले आहेत? सोलर पंपाला विक्रेत्याचं कोटेशन जोडलं असेल तर त्यात बसवणं, पाईप आणि वाहतूक धरली आहे ना?

## टप्पा ४: मागणी एपीओच्याच भाषेत लिहा

आपला अर्ज 'महोदय, आमच्या गावातील वन्यप्राण्यांची पाण्यावाचून तडफड होत आहे' इथून सुरू होतो. भावना रास्त आहे, पण एपीओच्या तक्त्यात भावनेचा रकाना नाही. त्यात काम, संवर्धन आराखड्यातला परिच्छेद क्रमांक, भौतिक लक्ष्य, एकक दर, एकूण रक्कम, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आणि समर्थन असे रकाने असतात. तुमची मागणी त्याच क्रमाने एका पानात बसवा. ती उचलून तक्त्यात टाकणं जितकं सोपं, तितकी ती टाकली जाण्याची शक्यता जास्त. क्लार्कची मेहनत वाचवणारा अर्ज आधी हलतो, हे मी वीस वर्षं बघतोय.

परिच्छेद क्रमांकाला फार महत्त्व आहे. आमच्या भागातल्या एका समितीने कुरणविकासाची चांगली मागणी केली होती. मोजमाप होतं, फोटो होते, ठरावही होता. ती परत आली, कारण संवर्धन आराखड्यात त्या कक्षात कुरण दाखवलेलंच नव्हतं. शेजारच्या कक्षात होतं. पुढच्या वर्षी समितीने ठिकाण चारशे मीटर सरकवलं, परिच्छेद क्रमांक टाकला आणि काम मंजूर झालं.

समर्थनाच्या रकान्यात तीन ओळी पुरेत: आज काय अडतं, काम झाल्यावर काय होईल, आणि पुढे देखभाल कोण करणार. देखभालीची ओळ जवळजवळ कुणीच लिहीत नाही. पंप बसतो, दुसऱ्या उन्हाळ्यात बंद पडतो, आणि मग दुरुस्तीचा पैसा कोणत्या बाबीत घालायचा यावर वर्ष जातं. नवा पंप अनावर्ती असतो, त्याची दरवर्षीची डागडुजी आवर्ती. दोन्ही ओळी वेगवेगळ्या आणि पहिल्याच वर्षी मागा.

एकाच कामाची मागणी दोन थैल्यांत टाकू नका. 'कुठून तरी मिळेल' म्हणून बरेच जण तसं करतात. लेखापरीक्षणात दुबार मंजुरी दिसली की दोन्ही अडकतात.

## टप्पा ५: महिना आणि टेबल चुकवू नका

ऑक्टोबर-नोव्हेंबर: समितीचा ठराव, मागणी आरएफओंकडे (वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे). पोच घ्या.

डिसेंबर-जानेवारी: रेंजची यादी उपसंचालकांकडे, तिथून क्षेत्र संचालकांकडे. याच काळात एकदा प्रत्यक्ष जाऊन 'आमची बाब यादीत कितव्या क्रमांकावर आहे?' एवढंच विचारा. कात्री नेहमी खालून लागते.

जानेवारी-मार्च: एपीओ मुख्य वन्यजीव रक्षकांमार्फत राज्य शासनाकडे आणि पुढे प्राधिकरणाकडे. केंद्राचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो, राज्याचा साधारण मार्चमध्ये. या काळात तुमच्या नव्या अर्जाला जागा नसते.

पावसाळी आणि हिवाळी अधिवेशन: पुरवणी मागण्या. राहून गेलेलं मोठं काम इथे बसू शकतं, पण ते आमदारांच्या पातळीवरून न्यावं लागतं.

राज्याच्या पैशाचं वेळापत्रक थोडं वेगळं चालतं. विभागाला वर्षाच्या मध्यात आठमाही सुधारित अंदाज द्यावे लागतात. खर्च मागे पडलेल्या बाबीची तरतूद तिथेच कमी होते. तुमचं मंजूर काम नोव्हेंबरपर्यंत सुरू झालं नसेल तर काळजी करा.

सावधान: राज्यात जाहीर होणारा आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जूनचा. जाळरेषा त्याआधी कापून-जाळून झाली पाहिजे. केंद्राचा हप्ता उशिरा आला तर हे काम आधी मरतं. म्हणून जानेवारी उजाडायच्या आत 'हप्ता आला नाही तर प्रतिष्ठानातून किंवा राज्याच्या बाबीतून तात्पुरती सोय होईल का?' असं लेखी विचारून ठेवा. आग लागल्यावर विचारलेल्या प्रश्नाला अर्थ नसतो.

## टप्पा ६: तरतूद, वितरण आणि खर्च हे तीन आकडे वेगळे वाचा

वार्ताहर मित्रांनो, हा भाग तुमच्यासाठी. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात एका ओळीसमोर चार रकाने दिसतात: आदल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बातमी नेहमी चौथ्या रकान्याची होते. खरी गोष्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्याच्या फरकात असते. सुधारित अंदाज बराच खाली आला असेल तर पैसा आला नाही किंवा खर्च झाला नाही. दोन्हींपैकी काय झालं, हे विचारा.

महसूल व वन विभागाच्या मागण्या 'सी' अक्षराच्या, त्यातली वनांची सी-७. पुस्तकात तुमच्या उद्यानाचं नाव शोधत बसू नका, बहुतेक ओळी योजनेच्या नावाने असतात. प्रत्येक योजनेला आठ आकडी संकेतांक असतो, पहिले चार आकडे प्रधान शीर्षाचे. तो लिहून घ्या, माहिती अधिकारात तोच घाला. त्याखाली उद्दिष्ट शीर्षं येतात: ०२ मजुरी, २७ लहान बांधकामे, ५३ मोठी बांधकामे. मजुरीचा पैसा परस्पर बांधकामाला वापरता येत नाही, त्यासाठी पुनर्विनियोजनाचा आदेश लागतो.

आणि तरतूद झाली म्हणजे पैसा आला असं नव्हे. वित्त विभाग बीम्स या संगणकीय प्रणालीवर टप्प्याटप्प्याने वितरण करतो. 'शंभर टक्के तरतूद, साठ टक्के वितरण' हे वाक्य कार्यालयात ऐकू आलं तर तिथेच वही काढा.

केंद्राच्या हप्त्यांना आणखी एक अट असते. आधीच्या रकमेचं उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढची रक्कम सहसा सुटत नाही, आणि न खर्चलेली शिल्लक पुढच्या रकमेत वळती होते. राज्य शासनाने द्यायचा नमुना म्हणजे २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला १२-सी. एका रेंजचा हिशेब अडकला की साऱ्या प्रकल्पाचा हप्ता अडकू शकतो.

तपासा: मंजुरीपत्रात रक्कम, अट आणि हप्ता या तीन ठिकाणी खूण करा. तुमची बाब मंजूर रकमेत आहे की 'विचाराधीन' यादीत?

## टप्पा ७: काम चालू असताना कागद धरा

पैसा समितीच्या खात्यावर आला की खरी जबाबदारी सुरू होते. या खात्यावर सहसा अध्यक्ष आणि वनखात्याचा सदस्य-सचिव अशा दोघांच्या सह्या चालतात. कोऱ्या धनादेशावर आधीच सही करून ठेवायची सवय अजून अनेक गावांत आहे. ती आजच मोडा.

मजुरांचं हजेरीपत्रक रोज भरा, आठवड्याचं एकदम नको. एकाच पेनाने, एकाच हाताने भरलेली सात दिवसांची हजेरी तपासणारा नजरेनेच ओळखतो. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्याशिवाय देयक काढू नका. प्रत्येक प्रमाणकावर (व्हाउचरवर) कामाचं नाव, कक्ष क्रमांक आणि एपीओतला बाब क्रमांक लिहा. फेरीत जिथून फोटो काढला होता तिथूनच काम चालू असतानाचा आणि पूर्ण झाल्यावरचा असे आणखी दोन काढा.

फेब्रुवारीच्या सुमारास वित्त विभाग नव्या खरेदीला बंधनं घालतो. त्यामुळे पंप, सौरपट्ट्या, तारा अशी खरेदी डिसेंबरपर्यंत उरकून घ्या. मार्चअखेरीस घाईने आणलेली तार मी हातात घेऊन पाहिली आहे. दोन पावसाळ्यांत तिला गंज चढला आणि रानडुकरांनी ती जानव्यासारखी तोडली.

काम संपलं की आठ दिवसांत समितीच्या बैठकीत खर्च वाचून दाखवा, इतिवृत्तात घ्या आणि त्याची प्रत खर्चाच्या हिशेबासोबत आरएफओंकडे द्या. पोच मागच्या फाईलला लावा. पुढच्या ऑक्टोबरच्या फेरीला हीच फाईल बरोबर न्यायची आहे, आणि पहिला थांबा गेल्या वर्षीच्या पंपापाशी. तो चालू आहे का, ते बटण दाबून बघा.